प्रकल्प कोणी लिहिला, हे सॉफ्टवेअरला नव्हे, विद्यार्थ्याला विचारा

महोदय,

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी चॅटजीपीटी, जेमिनी यांसारखे चॅटबॉट वापरावेत की नाही, यावर सध्या बरीच चर्चा चालू आहे आणि ती बहुतेक वेळा दोन टोकांना जाऊन थांबते. एका बाजूला सरसकट बंदी घालून लेखन तपासणारे सॉफ्टवेअर विकत घेण्याची मागणी होते. दुसऱ्या बाजूला, कॅल्क्युलेटरलाही एके काळी विरोध झाला होता, तेव्हा काळाबरोबर चला, असा सल्ला दिला जातो. सांगली जिल्ह्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयात पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवणारी प्राध्यापिका या नात्याने मला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. विद्यार्थ्याने चॅटबॉटची मदत घेतली का, यापेक्षा ती त्याने लपवली का आणि आपल्या नावावर सादर केलेल्या मजकुराची जबाबदारी तो घेऊ शकतो का, हा माझ्या मते खरा नैतिक प्रश्न आहे. त्याचे उत्तर विद्यार्थ्याशी समोरासमोर बसून बोलल्याशिवाय मिळत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवा पदवी अभ्यासक्रम लागू झाला. त्यात फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना स्वतंत्र श्रेयांक मिळाले आणि वर्षअखेरच्या एकाच परीक्षेवरचा भार कमी करून सत्रभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाला महत्त्व आले. विद्यार्थ्याने वर्गाबाहेर पडावे, माणसांशी बोलावे, आकडे गोळा करावेत आणि त्यांतून काही शिकावे हा यामागचा हेतू उत्तम आहे, आणि आम्ही अनेक शिक्षकांनी त्याचे मनापासून स्वागत केले होते. मात्र ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत अशी स्थिती आली की, नेमके हेच काम घराबाहेर पाऊल न टाकता करून मिळू लागले. ज्या वेळी आपण घरी करायच्या लेखनाला अधिक गुण देऊ लागलो, त्याच वेळी घरी केलेल्या लेखनावरून विद्यार्थ्याची पारख करणे अवघड झाले. या दोन गोष्टी एकदमच घडल्या, हे लक्षात घेतल्याशिवाय आजच्या पेचाचे स्वरूप कळत नाही.

चॅटबॉटच्या गैरवापराविषयी बोलताना लोकांच्या डोळ्यांसमोर सहसा निबंध किंवा असाइनमेंट येते. मला त्याहून अधिक चिंता फील्ड प्रोजेक्टची वाटते. आमच्या भागातील विद्यार्थ्याने ‘द्राक्ष उत्पादकांचा कर्जबाजारीपणा’ किंवा ‘महिला बचत गटांची स्थिती’ असा विषय घेतला, की चॅटबॉट त्याला प्रश्नावली देतो, पन्नास शेतकऱ्यांची उत्तरे रचून देतो, त्यांची टक्केवारी काढतो, तक्ते आणि आलेख तयार करतो, आणि शेवटी ‘शासनाने ठिबक सिंचनासाठी अनुदान वाढवावे’ अशा शिफारशीही लिहून देतो. या अहवालातील एकही शेतकरी अस्तित्वात नसतो. त्यात एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधील फळ छाटणी यांच्या खर्चातला फरक नसतो, छाटणीनंतर लांबलेल्या पावसाने वाढवलेला औषध फवारणीचा बोजा नसतो, गावच्या विकास सोसायटीचे पीककर्ज मार्चअखेर कागदोपत्री फेडून पुन्हा कसे उचलले जाते याचा उल्लेख नसतो, तासगावच्या बाजारात बेदाण्याला दर नसला म्हणून माल शीतगृहात ठेवल्यावर भाड्याचा आणि तारण कर्जाच्या व्याजाचा हिशेब कसा वाढत जातो हेही नसते. विशेष दुःख याचे होते की, असा अहवाल सादर करणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येकांच्या घरी स्वतःची द्राक्षबाग असते. अडत्याच्या पट्ट्या, सोसायटीचे खाते, औषधांच्या दुकानातील उधारीची वही, म्हणजे अर्थशास्त्राच्या कोणत्याही संशोधकाला हवीहवीशी वाटेल अशी सामग्री त्यांच्या घरातल्या पिशवीत पडलेली असते, आणि तिला हात न लावता ते आपल्याच आईवडिलांविषयी रचलेले आकडे आम्हाला देतात.

दुसऱ्याचा मजकूर उचलणे हा एक दोष झाला, पण न भेटलेल्या माणसांच्या तोंडी न दिलेली उत्तरे घालणे हा वेगळ्या जातीचा आणि अधिक गंभीर दोष आहे. पहिल्यात मूळ लेखकाचे श्रेय चोरले जाते. दुसऱ्यात जिवंत माणसांच्या परिस्थितीविषयी खोटी साक्ष दिली जाते. हाच विद्यार्थी उद्या बँकेत, पंचायत समितीत किंवा एखाद्या सामाजिक संस्थेत काम करेल, गावांची पाहणी करून अहवाल लिहील, आणि त्या अहवालांवरून कोणाला काय मिळायचे ते ठरेल. पाहणी न करताही पाहणीचा अहवाल लिहिता येतो आणि त्याला चांगले गुणही पडतात, हे जर त्याला विसाव्या वर्षी महाविद्यालयातच शिकायला मिळाले, तर पुढे त्याच्याकडून कोणत्या प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवायची?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो खोटा नाही. चॅटबॉट येण्यापूर्वी तरी विद्यार्थी कुठे स्वतः प्रकल्प करत होते? झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळत होते, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या फायली फक्त मुखपृष्ठ बदलून पुन्हा येत होत्या, पर्यावरणाच्या प्रकल्पात एकाच नदीच्या प्रदूषणाचे तेच वर्णन वर्षानुवर्षे उतरवले जात होते. हे सर्व आम्हाला माहीत होते आणि आम्ही ते चालवून घेतले, म्हणून आजच्या विद्यार्थ्याला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा अधिकार आम्हाला नाही. तरीही एक फरक सांगितला पाहिजे. उतरवलेली फाईल ओळखू येत असे. विद्यार्थ्यालाही आपण नक्कल करतो आहोत याची जाणीव असे. चॅटबॉटने दिलेला मजकूर प्रत्येकाला वेगळा, सफाईदार आणि आत्मविश्वासाने भरलेला मिळतो, त्यामुळे तो आपलाच आहे असा समज विद्यार्थ्याचाही होऊ लागतो. त्यातील चूकही तितक्याच आत्मविश्वासाने मांडलेली असते. संदर्भसूचीत कधीही न छापलेली पुस्तके आणि न लिहिलेले लेख अगदी व्यवस्थित प्रकाशन वर्षासह येतात. हा धोका विद्यार्थ्यांपुरता मर्यादित नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर विभागाचा एक करनिर्धारण आदेश रद्द केला, कारण त्यात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे दाखले देण्यात आले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेली माहिती पडताळल्याशिवाय वापरू नये, असे न्यायालयाला त्या वेळी बजावावे लागले. पडताळणीची सवय पदवीच्या वर्गात लागली नाही, तर ती नोकरीच्या खुर्चीत बसल्यावर आपोआप लागत नाही.

मग बंदी का नको? माझ्या वर्गातील बहुसंख्य विद्यार्थी बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेले असतात आणि वाणिज्य किंवा विज्ञान शाखेत त्यांच्यापुढे एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तके येतात. मागणीची लवचिकता किंवा चलनवाढीचे लक्ष्य यांविषयी इंग्रजीत लिहिलेला परिच्छेद तीनदा वाचूनही न समजल्यावर तोच मजकूर सोप्या मराठीत, आपल्या गावातल्या बाजाराचे उदाहरण घेऊन समजावून सांग, असे रात्री अकरा वाजता कोणाला तरी विचारता येणे, ही त्यांच्यासाठी लहान गोष्ट नाही. शहरातील मुलाला खासगी शिकवणी असते, घरात शिकलेले कोणी असते. दिवसा कापडाच्या दुकानात काम करून सकाळच्या सत्रात येणाऱ्या मुलीला यांपैकी काहीच नसते. वर्गात प्रश्न विचारायला संकोचणारी मुले चॅटबॉटला निःसंकोच प्रश्न विचारतात, हे मी पाहते आणि त्याचा मला आनंद वाटतो. हा वापर अनैतिक ठरवणारा नियम मुळातच चुकीचा ठरेल, आणि तो पाळलाही जाणार नाही.

शिवाय बंदीची भाषा करताना बाहेर काय चालले आहे तेही पाहावे. २०२५ च्या जुलैमध्ये गूगलने भारतातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना जेमिनीची सशुल्क सेवा वर्षभरासाठी मोफत देऊ केली; त्याच महिन्यात एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या चॅटबॉटची सशुल्क सेवा वर्षभर मोफत दिली; नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटीची ‘गो’ ही सेवा भारतात वर्षभर विनामूल्य झाली. एवढी उदारता कंपन्या सवय लावण्यासाठी दाखवतात, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळावे. मोफतीचे वर्ष संपल्यावर ज्याला पैसे भरणे परवडेल त्याच्याकडे चांगली सेवा राहील आणि ज्याला परवडणार नाही त्याच्याकडे फक्त सवय राहील. मूल्यमापनाच्या न्याय्यतेचा विचार करताना विद्यापीठांनी हेही ध्यानात घ्यायला हवे.

मदत आणि अपाय यांच्यातील सीमारेषा कुठे असते, याविषयीचा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेतील जवळपास एक हजार विद्यार्थ्यांवर गणित विषयात प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट दिला, काहींना उत्तर थेट न देता केवळ पुढची पायरी सुचवणारा चॅटबॉट दिला, आणि काहींना फक्त पाठ्यपुस्तक आणि वही. सरावात साध्या चॅटबॉटवाल्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी आणि सूचक चॅटबॉटवाल्यांची तर १२७ टक्क्यांनी सुधारली. परंतु त्यानंतर कोणतीही मदत न देता परीक्षा घेतली तेव्हा साधा चॅटबॉट वापरलेले विद्यार्थी, तो कधीच न वापरलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. सूचक चॅटबॉट वापरलेल्यांचे मात्र असे नुकसान जवळजवळ झाले नाही. म्हणजे उत्तर विचारणारा आणि समजून घेण्यासाठी विचारणारा, या दोघांच्या हातातील साधन एकच असले तरी वर्षअखेर त्यांच्या हाती सारखे काही पडत नाही. विद्यार्थ्यांना हे उपदेशाच्या सुरात न सांगता या आकड्यांसह सांगितले, की ते लक्ष देऊन ऐकतात, कारण त्यात त्यांचे स्वतःचे हित गुंतलेले आहे. स्पर्धा परीक्षांच्या केंद्रात मोबाईल नेता येत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

आता सॉफ्टवेअरविषयी, कारण या बाबतीत विद्यार्थ्यांवर खरोखर अन्याय होण्याचा धोका आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत प्रबंधांतील मजकुराच्या इतरांच्या लेखनाशी असलेल्या साम्याच्या टक्केवारीनुसार कारवाईचे टप्पे ठरवलेले आहेत. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य तेथे दंडनीय नाही. साम्य शोधणारे सॉफ्टवेअर निदान मूळ मजकूर समोर ठेवते, त्यामुळे आरोप तपासता येतो आणि खोडूनही काढता येतो. मजकूर यंत्राने लिहिला आहे असे सांगणारे सॉफ्टवेअर असा कोणताही पुरावा देत नाही, ते केवळ एक अंदाज आकड्यात सांगते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःच असे ओळखयंत्र आणले होते. ते यंत्रलिखित मजकुरापैकी केवळ २६ टक्के ओळखत असे आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारत असे, आणि कमी अचूकतेमुळे कंपनीने त्याच वर्षी जुलैमध्ये ते मागे घेतले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात ओळखयंत्रे तपासली, तेव्हा इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले निबंध या यंत्रांनी सरासरी ६१ टक्के वेळा यंत्रलिखित ठरवले, तर अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध जवळजवळ अचूक ओळखले. याचे कारणही समजण्यासारखे आहे. परक्या भाषेत लिहिणारा मनुष्य मोजके शब्द, ठरावीक वाक्यरचना आणि पाठ असलेले वाक्प्रयोग वापरतो, आणि अशा अपेक्षित लेखनालाच ही यंत्रे कृत्रिम समजतात. जत किंवा आटपाडी तालुक्यातून आलेली, कष्टाने इंग्रजीत चार पाने लिहिणारी मुलगी या यंत्रापुढे दोषी ठरण्याची शक्यता इंग्रजी शाळेत वाढलेल्या मुलापेक्षा अधिक आहे, हे समजल्यावरही महाविद्यालयांनी असे सॉफ्टवेअर शिक्षेचा आधार म्हणून वापरावे, हे मला अत्यंत अयोग्य वाटते. इंग्रजीवर प्रभुत्व असलेला विद्यार्थी यंत्राच्या मजकुरात फेरफार करून सहज सुटतो, ही त्याच अन्यायाची दुसरी बाजू आहे.

हा वाद न्यायालयातही गेलेला आहे. हरयाणातील सोनीपत येथील एका खासगी विद्यापीठात विधी शाखेच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याची उत्तरे ८८ टक्के यंत्रनिर्मित असल्याचे ठरवून त्याला २०२४ मध्ये एका विषयात अनुत्तीर्ण करण्यात आले. त्याने पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयात धाव घेतली. पुढे विद्यापीठानेच त्याला उत्तीर्ण केल्याचे सांगितल्यामुळे याचिका निकाली निघाली. चॅटबॉट वापरणे म्हणजे नेमके काय केले असता गैरमार्ग ठरते, हा मूळ प्रश्न त्यामुळे अनिर्णितच राहिला. नियम आधी लिहिलेला नसताना शिक्षा देणे न्यायाला धरून नाही. आपल्या अनेक महाविद्यालयांत मात्र आजही याविषयी एका ओळीचाही लेखी नियम नाही. एका विषयाचे शिक्षक चॅटबॉट वापरायला सांगतात, दुसऱ्या विषयाचे त्याचे नाव काढले तरी रागावतात, आणि विद्यार्थी सर्वत्र लपवणे शहाणपणाचे समजतात.

म्हणून माझी पहिली सूचना लपवाछपवीची गरजच संपवण्याची आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटी विद्यार्थ्याने कोणता चॅटबॉट, कोणत्या कामासाठी वापरला आणि त्याने दिलेली माहिती कशी पडताळली, हे अर्ध्या पानात लिहावे; खरे लिहिल्याबद्दल गुण कापले जाऊ नयेत. भाषा सुधारून घेणे, कठीण संकल्पना समजून घेणे, प्रश्नावलीचा कच्चा आराखडा पाहणे यांना मुभा असावी. मुलाखती, आकडे आणि निष्कर्ष मात्र विद्यार्थ्याचे स्वतःचेच असावेत, आणि रचलेली आकडेवारी सापडल्यास तो प्रकल्प रद्द समजावा. त्यासाठी गावात गेल्यावर हाताने भरलेल्या प्रश्नावल्या आणि टिपणवही प्रकल्पासोबत जमा करणे सक्तीचे करावे. वहीही कोणी खोटी भरू शकेल, हे खरे आहे.

त्यामुळेच तोंडी परीक्षेला पर्याय नाही. दहा मिनिटे समोर बसून ‘तुम्ही कोणाच्या शेतावर गेला होता, त्यांनी कर्ज कशासाठी काढले होते, हा तक्ता कसा काढला, या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारे कोणी भेटले का’ असे चार प्रश्न विचारले, की काम कोणी केले ते बहुतांशी कळते. ज्याने मदत घेऊनही स्वतः काम केले आहे तो बोलू लागतो, आणि कित्येकदा लिहिलेल्यापेक्षा चांगले बोलतो. मराठीतून उत्तर देण्याची मोकळीक दिली तर विशेषच. वर्गात ८० विद्यार्थी धरले तर या कामाला ८०० मिनिटे, म्हणजे साडेतेरा तासांहून थोडे कमी लागतात. एका सत्रात हे अशक्य नाही, पण हे तास शिक्षकाच्या कार्यभारात मोजले गेले पाहिजेत. अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे मोठ्या प्रमाणावर रिक्त आहेत, तासिका तत्त्वावर येणाऱ्या सहकाऱ्यांना फक्त घेतलेल्या तासाचे मानधन मिळते, आणि उरलेल्यांचा वेळ महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेसाठीच्या फायलींमध्ये जातो. अशा परिस्थितीत शिक्षक प्रकल्पाची जाडी पाहून गुण देतो. विद्यार्थ्याने यंत्राकडून लिहून घ्यायचे आणि शिक्षकाने न वाचता सही करायची, हा व्यवहार दोन्ही बाजूंनी सारखाच अप्रामाणिक आहे, आणि त्याची मोठी जबाबदारी पदे न भरणाऱ्या शासनावर येते.

याच कारणाने मला असेही वाटते की, जो नियम विद्यार्थ्यांना तोच आम्हाला लागू असावा. प्रश्नपत्रिका, अध्यापन आराखडे, स्वमूल्यमापन अहवाल आणि शोधनिबंधसुद्धा चॅटबॉटकडून लिहून घेणारे शिक्षक आहेत. त्यांनीही तो वापर उघड करावा. विद्यार्थ्यांच्या नावांसह त्यांची उत्तरे किंवा गुणपत्रके कोणत्याही कंपनीच्या चॅटबॉटमध्ये टाकणे तर पूर्णपणे थांबले पाहिजे, कारण ती माहिती विद्यार्थ्याची आहे आणि ती देण्याचा अधिकार त्याने आम्हाला दिलेला नाही.

राज्यातील विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की, येत्या जूनपासून सुरू होणाऱ्या शैक्षणिक वर्षापूर्वी प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमपत्रिकेतच अंतर्गत मूल्यमापनाच्या प्रत्येक घटकापुढे चॅटबॉटच्या वापराला कितपत मुभा आहे ते स्पष्ट लिहावे, प्रकल्पाच्या निम्म्या गुणांसाठी तोंडी परीक्षा ठेवावी, त्या परीक्षेचे तास तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या मानधनातही धरावेत, आणि ओळखयंत्राच्या टक्केवारीवरून कोणत्याही विद्यार्थ्यावर कारवाई होणार नाही असे परिपत्रक काढावे. ते परिपत्रक मराठीतही असावे आणि पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांना वर्गात वाचून दाखवावे.

आपली विश्वासू,
अर्थशास्त्राची एक प्राध्यापिका, जिल्हा सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे स्वतंत्रपणे दिला आहे.)